बूस्टर दुकानात आहे, पण अ‍ॅप बुक करू देत नाही! अमेरिकेतल्या फार्मसीत नेमकं काय झालं?

समजा, तुम्ही न्यूयॉर्कमध्ये नोकरी करताय. आई तुमच्याकडे राहते, वय ६८. ऑगस्ट २०२५ चा शेवटचा आठवडा आहे. बातमी येते की या हंगामाच्या नव्या कोविड लसीला मान्यता मिळाली. तुम्ही फोन उचलता, कोपऱ्यावरच्या फार्मसीचं अ‍ॅप उघडता. मागच्या वर्षी याच अ‍ॅपवरून आईसाठी दोन मिनिटांत वेळ घेतली होती. पिनकोड टाकला, जन्मतारीख टाकली, स्लॉट निवडला, झालं. या वेळी मात्र अ‍ॅप विचारतं, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आहे का?

आई तीच, दुकान तेच, लस फ्रीजमध्ये तयार, टोचणारा फार्मासिस्टही तोच. वयाच्या नियमात ती व्यवस्थित बसते. मग अडलं कुठे?

हा प्रश्न त्या आठवड्यात अमेरिकेत बऱ्याच घरांत विचारला गेला. वरवर पाहिलं तर अ‍ॅपमध्ये काहीतरी गडबड झाली असं वाटेल. पण अ‍ॅप अगदी बरोबर चाललं होतं. गडबड अ‍ॅपच्या मागे होती. ती समजून घेणं आपल्यालाही उपयोगाचं आहे, कारण आपण रोज ज्या ‘बुक करा’ बटणावर बोट ठेवतो, त्या बटणामागे कोण कोण बसलेलं असतं हे या प्रकरणात एकदम उघड्यावर आलं. चला, नीट पाहूया.

आधी एक गोष्ट: तिकडे मेडिकलवाला सुई टोचतो

आपल्याकडे मेडिकल म्हणजे गोळ्या, सिरप आणि ‘भैया, एक पट्टी द्या’. फ्लूची लस घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग मेडिकलमधून लस, मग ती बर्फाच्या पिशवीत घालून परत दवाखान्यात. टोचणार डॉक्टर किंवा नर्स.

अमेरिकेत तसं नाही. तिथे प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट स्वतः लस देतो. हे कोविडमुळे सुरू झालेलं नाही. २००९ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या ५० राज्यांनी फार्मासिस्टला लस देण्याची काही ना काही परवानगी दिली होती. तिथल्या दहापैकी जवळपास नऊ लोकांच्या घरापासून पाच मैलांच्या आत एक तरी फार्मसी आहे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागतात, फार्मसीत मात्र दूध-ब्रेड आणायला गेलात तरी लस घेऊन येता येतं.

म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने कोविडच्या लसी थेट फार्मसी साखळ्यांना पोहोचवायला सुरुवात केली. त्या कार्यक्रमातून ३० कोटींहून जास्त डोस दिले गेले. थोडक्यात, अमेरिकेतल्या सामान्य माणसासाठी कोविडची लस घ्यायची जागा म्हणजे फार्मसी. तिथे अडथळा आला की लसीकरणच अडलं.

अजून एक छोटी गोष्ट. आपण सगळे ‘बूस्टर’ म्हणतो, पण अमेरिकेत सप्टेंबर २०२३ पासून सरकारी कागदांवर ‘अपडेटेड लस’ असा शब्द आहे. फ्लूच्या लसीसारखंच, दरवर्षी त्या वेळी फिरणाऱ्या विषाणूप्रमाणे फॉर्म्युला बदलतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी फायझर आणि मॉडर्नाची लस एलपी.८.१ या प्रकारावर बेतलेली आहे. फोनच्या भाषेत सांगायचं तर हा जुन्याच अ‍ॅपचा नवा व्हर्जन. लेखात आपण बूस्टरच म्हणू, कारण बोलताना सगळे तेच म्हणतात.

मग ऑगस्टमध्ये काय झालं?

२७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, नव्या लसींना मान्यता दिली. पण अट घातली. वय ६५ किंवा जास्त असेल तर सरसकट, आणि त्याहून कमी असेल तर गंभीर आजाराचा धोका वाढवणारा किमान एक त्रास असेल तरच. याआधीची दोन वर्षं सहा महिन्यांच्या बाळापासून सगळ्यांना लस घ्या असं सांगितलं जात होतं.

आता गंमत बघा. आईचं वय ६८. ती या नव्या अटीतही बसते. तरीही सीव्हीएस या मोठ्या फार्मसी साखळीने न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियासह डझनभराहून जास्त राज्यांत ‘प्रिस्क्रिप्शन आणा’ म्हणायला सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्स, नेवाडा आणि न्यू मेक्सिकोत तर सुरुवातीला त्यांच्या दुकानांत ही लस देणंच थांबलं होतं. बाकीच्या राज्यांत काहीच अडचण नव्हती. एकाच कंपनीचं एकच अ‍ॅप, पण राज्य बदललं की उत्तर बदलत होतं.

बटणामागची साखळी

अ‍ॅपमध्ये आपल्याला एकच बटण दिसतं. त्याच्यामागे पाच दरवाजे असतात आणि पाचही उघडे असले तरच बटण हिरवं होतं.

पहिला दरवाजा एफडीएचा. ही लस बाजारात विकता येईल का, आणि कोणासाठी, हे इथे ठरतं.

दुसरा एसीआयपी नावाच्या सल्लागार समितीचा आणि सीडीसी या आरोग्यसंस्थेचा. मान्यता मिळालेली लस प्रत्यक्षात कोणी, कधी, किती वेळा घ्यावी याची शिफारस ही समिती करते आणि सीडीसी तिच्यावर शिक्का मारते.

तिसरा राज्याच्या कायद्याचा. फार्मासिस्टला कोणती लस डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येईल, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं.

चौथा फार्मसी कंपनीच्या कायदा विभागाचा. कायद्याचा अर्थ ते लावतात आणि कुठल्या राज्यात काय चालेल याची यादी बनवतात.

पाचवा अ‍ॅपच्या सर्व्हरचा. ती यादी तिथे नियम म्हणून बसते. तुमचा पिनकोड आणि जन्मतारीख गेली की सर्व्हर नियम तपासतो आणि उत्तर देतो.

खरी मेख तिसऱ्या दरवाजात होती. बऱ्याच राज्यांच्या कायद्यात फार्मासिस्टने द्यायच्या लसींची स्वतःची यादीच नव्हती. ‘एसीआयपीने जी शिफारस केली आहे ती लस द्या’ असं एक वाक्य लिहून ते मोकळे झाले होते. प्रोग्रॅमिंग येत असेल तर लगेच कळेल. त्यांनी किंमत लिहिली नव्हती, दुसऱ्याच्या फाइलची लिंक दिली होती. ती फाइल वर्षानुवर्षं वेळेवर अपडेट होत होती, म्हणून कोणाला काळजी नव्हती.

२०२५ मध्ये ती फाइल रिकामी राहिली. जूनमध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी समितीच्या सर्व १७ सदस्यांना काढून नवे सदस्य नेमले. ऑगस्टमध्ये एफडीएची मान्यता आली त्याच आठवड्यात सीडीसीच्या संचालक सुझन मोनारेझ यांना पदावरून दूर करण्यात आलं. नव्या लसीबद्दल समितीची शिफारस आलेलीच नव्हती. म्हणजे पहिला दरवाजा उघडा, दुसरा बंद, आणि तिसरा दुसऱ्याला साखळीने बांधलेला.

तुम्ही विचाराल, केंद्र सरकारचा काही कायदा नाही का? आहे. ‘प्रेप’ नावाच्या कायद्याखाली २०२० मध्ये देशभरातल्या फार्मासिस्टांना कोविडची लस देण्याची मुभा दिली गेली, आणि तिची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. पण त्या मुभेतही लस एसीआयपीच्या शिफारशीप्रमाणेच द्यायची अशी अट आहे. म्हणजे फिरून लिंक त्याच फाइलकडे.

अशा वेळी फार्मासिस्टने लस दिली आणि उद्या वाद झाला तर परवाना त्याचा धोक्यात. कंपनीने सावध भूमिका घेतली आणि सर्व्हरवरचा नियम बदलला. आईच्या फोनवर दिसलं ते एवढंच, प्रिस्क्रिप्शन आणा.

शिफारस कोडमध्ये कशी जाते?

इथे एक टेक्निकल गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. सीडीसी लसीची शिफारस फक्त पीडीएफमध्ये छापत नाही. कॉम्प्युटरला समजेल अशा नियमांचा संचही काढते. त्याला ‘क्लिनिकल डिसिजन सपोर्ट फॉर इम्युनायझेशन’ म्हणतात. किमान वय किती, दोन डोसमधलं अंतर किती, आधी कोणती लस घेतली असेल तर पुढची कोणती, हे सगळं त्यात तक्त्यांच्या रूपात असतं. राज्यांची लस-नोंदवही सांभाळणारी सॉफ्टवेअर्स हे नियम वाचून ‘या व्यक्तीचा पुढचा डोस कधी’ ते काढतात.

प्रत्येक लसीला एक कोड असतो. फार्मासिस्टने डोस दिला की तो कोड, तारीख आणि लॉट नंबर राज्याच्या नोंदवहीत जातो. आपल्या कोविनसारखी संपूर्ण देशाची एकच नोंदवही अमेरिकेत नाही, राज्यागणिक वेगळी आहे. एका राज्यात घेतलेला डोस दुसऱ्या राज्यातल्या फार्मासिस्टला आपोआप दिसेलच असं नाही.

ही व्यवस्था एरवी फार उपयोगी आहे. हजारो दुकानांत रोज लाखो लोक येतात, प्रत्येक वेळी फार्मासिस्टने जाडजूड नियमावली उघडून बघावी अशी अपेक्षा करता येत नाही. मशीन चूक कमी करतं. पण मशीनला ‘अजून ठरलेलं नाही’ हे उत्तर कळत नाही. त्याला हो किंवा नाही लागतं. शिफारस नसेल तर कुणीतरी ठरवावं लागतं की रिकामी जागा म्हणजे ‘हो’ धरायचं की ‘नाही’. काउंटरवर बसलेल्या माणसाने आईकडे बघून ‘या मावशी, बसा’ म्हटलं असतं. सर्व्हरने ‘नाही’ धरलं.

राज्यांनी काढलेली पळवाट की दुरुस्ती?

पुढचे काही आठवडे धावपळीचे गेले. ३ सप्टेंबरला पेनसिल्व्हेनियाच्या फार्मसी बोर्डाने मतदान करून लिंकच बदलली. फक्त एसीआयपी नाही, तर बालरोगतज्ज्ञांच्या, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि फॅमिली डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनांच्या शिफारशीही चालतील असं ठरवलं. ५ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी आदेश काढून फार्मासिस्टला चिठ्ठीशिवाय कोविडची लस देण्याची मुभा दिली. कोलोरॅडोसारख्या राज्यांनी ‘स्टँडिंग ऑर्डर’ काढली. म्हणजे राज्याच्या आरोग्य विभागातल्या डॉक्टरने सगळ्या जनतेसाठी एकच चिठ्ठी लिहून ठेवायची.

कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांनी मिळून स्वतःची आघाडी उभी केली, हवाई नंतर त्यात आलं. लसीच्या शिफारशी आपण आपल्या तज्ज्ञांकडून घेऊ असं त्यांनी जाहीर केलं. कॅलिफोर्नियाने तर कायदाच बदलला आणि एसीआयपीची १ जानेवारी २०२५ ची यादी पाया म्हणून धरली. डेव्हलपर मंडळी हे ओळखतील. नव्या व्हर्जनवर भरवसा नसला की जुनं स्थिर व्हर्जन पिन करून ठेवतात, अगदी तसंच.

१९ सप्टेंबरला एसीआयपीने अखेर मतदान केलं. सहा महिन्यांवरच्या सगळ्यांसाठी ‘व्यक्तीने डॉक्टर किंवा फार्मासिस्टशी बोलून ठरवावं’ अशी शिफारस आली. त्याच बैठकीत प्रिस्क्रिप्शन सगळ्यांना सक्तीचं करावं असाही प्रस्ताव होता. मतं पडली ६ विरुद्ध ६. अध्यक्षांचं मत विरोधात गेलं म्हणून प्रस्ताव पडला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर चिठ्ठीची अट साऱ्या देशासाठी पुढे सरकली असती. ६ ऑक्टोबरला सीडीसीने शिफारस स्वीकारली आणि बहुतेक राज्यांत चिठ्ठीची अडचण दूर झाली.

म्हणजे आईला लस मिळाली असेल. पण त्यासाठी एकतर काही आठवडे थांबावं लागलं असेल, नाहीतर डॉक्टरांची वेळ घेऊन चिठ्ठी आणावी लागली असेल. ज्याच्याकडे फॅमिली डॉक्टर आहे, गाडी आहे, फोन करणारा मुलगा आहे, त्याला हे जमतं. जो एकटा राहतो आणि अ‍ॅपमध्ये ‘नाही’ दिसलं की फोन खाली ठेवतो, तो पुन्हा प्रयत्न करेलच असं नाही. अशा गोंधळात खरं नुकसान त्याचं होतं, आणि ते कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाही.

‘मला त्रास आहे’ हे कोण तपासणार?

आता ६५ पेक्षा कमी वयाच्यांचं बघू, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचं. अट होती की धोका वाढवणारा किमान एक त्रास हवा. सीडीसीची ती यादी वाचलीत तर चकित व्हाल. मधुमेह, दमा, हृदयविकार, कॅन्सर हे आहेतच. शिवाय लठ्ठपणा, नैराश्य, गरोदरपण, सिगारेट ओढणं किंवा पूर्वी ओढलेली असणं, आणि अगदी व्यायामाचा अभावसुद्धा त्यात आहे. दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्यांची मोठी फौज या शेवटच्या ओळीत बसू शकते.

पण अ‍ॅप पुरावा मागतं का? मोठ्या साखळ्यांनी रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. तुम्ही टिक करायची, रिपोर्ट दाखवायची गरज नाही. काहींना हे हास्यास्पद वाटलं, एवढा गाजावाजा करून शेवटी एक टिक! तरी ती टिक म्हणजे नुसती औपचारिकता नाही. ज्याला खरंच दमा आहे पण ‘त्रास’ या शब्दात दमा येतो हे माहीत नाही, तो ‘नाही’ दाबतो आणि बाहेर पडतो. ज्याला नैराश्याची औषधं चालू आहेत पण ते फॉर्मवर लिहायची लाज वाटते, तोही बाहेर. प्रश्न कसा विचारला आहे यावर किती लोक आत येतील हे ठरतं. फॉर्म बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

पैशाचं काय?

अमेरिकेत एसीआयपीने शिफारस केलेली लस बहुतेक विमा कंपन्यांना ग्राहकाकडून एक पैसा न घेता द्यावी लागते. म्हणजे त्या फाइलवर दुसरीही एक लिंक लटकलेली आहे, पैशाची. विमा नसेल तर फार्मसीत ही लस साधारण २०० डॉलरच्या घरात जाते. विमा नसलेल्यांसाठी सरकारची जी मोफत योजना होती, ती ऑगस्ट २०२४ मध्येच संपली.

थोडा दिलासा असा की विमा कंपन्यांच्या मोठ्या संघटनेने सप्टेंबरमध्ये सांगितलं, १ सप्टेंबर २०२५ ला ज्या लसींची शिफारस होती त्यांचा खर्च, नव्या कोविड आणि फ्लूच्या लसींसह, २०२६ अखेरपर्यंत देत राहू.

मराठी घरांसाठी इथे एक खास अडचण आहे. पुण्या-नाशिकहून आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतात. त्यांचा जो प्रवासी विमा काढलेला असतो, त्यात अचानक आलेलं आजारपण असतं, पण लसीसारखी आधीची काळजी सहसा नसते. वयाने ते पात्र असतात, तरी खिशातून पैसे जाऊ शकतात. निघण्याआधी पॉलिसीचा तो भाग वाचून ठेवा.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे एनएचएसची यादी आधीच छोटी आहे. २०२५ च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये ७५ आणि त्यावरचे, वृद्धाश्रमात राहणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनाच मोफत. बाकीच्यांना हवी असेल तर काही फार्मसींत पैसे देऊन, साधारण शंभर पौंडांच्या आसपास. यादी कडक आहे, पण निदान एकच आहे. लीड्सला वेगळी आणि लंडनला वेगळी असं होत नाही.

आपल्याकडे हे घडलंय का? कोविन आठवा

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? जरा २०२१ चा मे महिना आठवा. १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी सुरू झाली आणि कोविनवर स्लॉट दिसायचे, बोट लावेपर्यंत गायब. टेलिग्रामवर स्लॉट सांगणारे ग्रुप, पिनकोडवर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्ट्स, कॅप्चा, ओटीपी. ज्याच्याकडे चांगला फोन आणि कोड लिहिणारा मित्र, त्याला लस आधी. तेव्हाही दरवाजा सॉफ्टवेअरमध्येच होता.

बूस्टरच्या वेळी, ज्याला आपल्याकडे ‘प्रिकॉशन डोस’ म्हटलं गेलं, तेच पुन्हा दिसलं. १० जानेवारी २०२२ ला आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांसाठी तो सुरू झाला. १० एप्रिलला १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी खुला झाला, पण खासगी केंद्रांवर, पैसे देऊन. लसीचे २२५ रुपये आणि केंद्राचा सेवा आकार जास्तीत जास्त १५० रुपये. दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले नसतील तर कोविन पुढे जाऊ द्यायचं नाही. ६ जुलैला हे अंतर सहा महिन्यांवर आलं आणि कोट्यवधी लोक एका रात्रीत पात्र झाले. १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर डोस मोफत झाला.

फरक लक्षात घ्या. आपल्याकडे एकच सर्व्हर, एकच नियम. दिल्लीत बदल झाला की गडचिरोलीतही लगेच लागू. अमेरिकेत ५० राज्यांचे ५० नियम. आपल्या पद्धतीत गोंधळ कमी, पण वरच्या एका निर्णयात चूक झाली तर सगळा देश अडकतो. त्यांच्या पद्धतीत गोंधळ जास्त, पण वरचा दरवाजा बंद झाला तर पेनसिल्व्हेनियाचं बोर्ड खिडकी उघडू शकतं. दोन्हीत काही ना काही गमवावंच लागतं.

तरीही एक आकडा बोलका आहे. कोविनच्या नोंदीनुसार पहिला डोस १०२ कोटींहून जास्त लोकांनी घेतला, प्रिकॉशन डोस मात्र साधारण २२ कोटींवर थांबला. भीती ओसरली होती हे एक कारण. पण डोस घ्यायला वेगळा दिवस काढून, केंद्र शोधून, सुरुवातीचे महिने पैसे देऊन जावं लागत होतं, हेही खरं.

मग आपल्या मेडिकलमध्ये लस का नाही? २७ जानेवारी २०२२ ला कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनला सशर्त बाजार परवानगी मिळाली, तेव्हाही त्या मेडिकल दुकानांत मिळणार नाहीत, दवाखाने आणि हॉस्पिटलमध्येच मिळतील, आणि प्रत्येक डोसची नोंद कोविनवर होईल असं स्पष्ट केलं गेलं होतं. यामागे कारणं आहेत. लस दिल्यावर क्वचित कोणाला तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, तेव्हा जवळ इंजेक्शन आणि ते देणारा प्रशिक्षित माणूस लागतो. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि उन्हाळ्यातलं भारनियमन आपल्याला माहीत आहे. काउंटरवर प्रत्यक्षात नोंदणीकृत फार्मासिस्टच उभा असतो का, हाही प्रश्न आहेच.

पण दुसरी बाजूही बघा. तालुक्याच्या बऱ्याच गावांत एमबीबीएस डॉक्टर नसतो, मेडिकल मात्र असतं. मोठ्यांच्या लसींसाठी, म्हणजे फ्लू, न्यूमोनिया, एचपीव्हीसाठी, आपल्याकडे धड यंत्रणाच नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं यू-विन गरोदर महिला आणि मुलांच्या लसीकरणासाठी आहे. उद्या कधी प्रशिक्षण, देखरेख आणि यू-विनसारखी नोंद यांची सांगड घालून फार्मासिस्टला परवानगी द्यायचा विचार झाला, तर अमेरिकेचा धडा समोर आहे. परवानगी देताना ती एकाच समितीच्या एकाच कागदाला बांधू नका.

आणि आपली माहिती?

बूस्टरच्या फॉर्ममध्ये आपण नाव, जन्मतारीख, विमा कार्डाचा फोटो, आजार, चालू औषधं, सगळं देऊन टाकतो. जून २०२३ मध्ये एका टेलिग्राम बॉटवर मोबाईल नंबर टाकला की कोविनवर नोंदवलेली माहिती दिसते अशा बातम्या आल्या होत्या. सरकारने तेव्हा कोविनमध्ये थेट शिरकाव झाल्याचा दावा निराधार म्हटलं होतं, पण लोकांना धडकी भरली ती भरलीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्सवर सरकारी आयोगाने कारवाई केली आणि १५ लाख डॉलरचा दंड लावला. आरोप होता, लोकांची आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याचा.

म्हणून लसीची वेळ घेताना लिंक मेसेजमधून उघडू नका, अ‍ॅप स्टोअरवरचं अधिकृत अ‍ॅप किंवा साइटच वापरा. जाहिरातींसाठी परवानगी मागणारी टिक आधीच केलेली असेल तर काढा. ती लसीसाठी लागत नाही.

परदेशात असाल तर एवढं करा

अ‍ॅपने ‘नाही’ म्हटलं तर तिथेच थांबू नका, दुकानात फोन करून थेट फार्मासिस्टला विचारा. नियम बदलून अ‍ॅप अपडेट झालेलं नसू शकतं.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या साइटवर ‘स्टँडिंग ऑर्डर’ आहे का बघा. असेल तर वेगळ्या चिठ्ठीची गरज नाही.

पात्रतेच्या आजारांची यादी पूर्ण वाचा, मगच टिक करा. खोटं लिहू नका, आणि खरं लपवूही नका.

कोविनचं सर्टिफिकेट पीडीएफमध्ये जवळ ठेवा. त्याच्यावरचा क्यूआर तिकडच्या फार्मसीच्या मशीनला वाचता येईलच असं नाही, कारण तिथे वेगळं मानक वापरतात, पण तारखा सांगायला कागद उपयोगी पडतो.

लस घ्यायची की नाही, कधी घ्यायची, हे मात्र स्वतःच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. त्यासाठी हा लेख पुरेसा नाही.

परत त्या आईकडे येऊ. ६८ वर्षांची बाई फार्मसीच्या दारात उभी आहे आणि आत लस तयार आहे. मधे आहे ते एक बटण. ते कोणी अडवलं, कोणत्या कागदाने अडवलं, हे तिला कोणीच सांगत नाही. अ‍ॅप फक्त ‘नाही’ म्हणतं. निदान ‘का नाही’ आणि ‘मग आता काय करायचं’ एवढं त्या पडद्यावर लिहायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी कुठल्याही सरकारी किंवा दवाखान्याच्या अ‍ॅपने तुम्हाला नुसतं ‘पात्र नाही’ असं सांगितलं, तर हाच प्रश्न तिथे विचारा.